डाव्या बाजूची चुरचुर

आमच्या यांचे कान फार तिखट, असं मी चौतीस वर्षं लोकांना सांगत आले. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. स्वयंपाकघरात बरणीचं झाकण सैल राहिलं तर ते यांना बाहेरच्या खोलीत कळायचं. खालच्या मजल्यावर नळ गळायला लागला की खालच्यांच्या आधी यांना पत्ता लागायचा. फक्त ‘जाताना कचरा घेऊन जा’ एवढं एक वाक्य त्यांना आयुष्यात कधी ऐकू आलं नाही.

हे रेडिओ केंद्राच्या दुरुस्ती विभागात होते. नोकरीत असतानाही सुट्टीच्या दिवशी घरी हेच चालायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाहेरची खोलीच कामाची केली आणि जुन्या पद्धतीची, व्हॉल्व्हची यंत्रं दुरुस्त करायला घेतली. व्हॉल्व्ह म्हणजे अंगठ्याएवढी काचेची नळी. आतली तार तापून लाल झाली की ती कामाला लागते. जगानं या नळ्या कधीच्या टाकून दिल्या, पण गाण्याचे काही वेडे असतात, त्यांना त्याच नळ्यांतून आलेलं गाणं गोड लागतं. असे वेडे एकमेकांना बरोबर शोधून काढतात, आणि त्यातल्या एकाचं यंत्र कुरकुरलं की बाकीचे त्याला आमचा पत्ता देतात. दारावर यांच्या कामाची पाटी नाही. कान हीच पाटी.

कामाची पद्धतही कानाचीच. चालू यंत्रातल्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकेच टिचकी मारायची आणि स्पीकरमधून काय येतं ते ऐकायचं. चांगला व्हॉल्व्ह गप्प राहतो. खराब झालेला टिणकन वाजतो, नाहीतर चुरचुरतो. मग डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावून बघायचा. आवाज व्हॉल्व्हबरोबर पलीकडे गेला तर दोष व्हॉल्व्हचा. जागेवरच राहिला तर दोष खालच्या भागांत कुठेतरी. हे मला कुणी शिकवलं नाही. चौतीस वर्षं भिंतीला ऐकवलं असतं तर भिंतही शिकली असती.

आणखी एक पद्धत होती, तिच्यावरून मी पूर्वी फार भांडायचे. या यंत्रांचं बटण बंद केलं तरी आत वीज काही वेळ साठून राहते, माणसाला फेकून देईल इतकी. ती उतरली की नाही हे खरं तर मीटर लावून बघायचं असतं. यांच्याकडे चांगला काट्याचा मीटर आहे, बाकी सगळ्या कामांना ते तो वापरतात. पण याला नाही. यंत्र बंद करायचं, त्याला जोडलेला मोठा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र चालू ठेवायचे, आणि उरलीसुरली खरखर ऐकत बसायचं. वीज उतरत जाते तशी खरखर बारीक होत जाते. पूर्ण थांबली की हे बोट वर करून म्हणायचे, “मेला.” मग दहापर्यंत मोजायचं आणि हात घालायचा. उजवाच. डावा पँटच्या खिशात, कारण दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो.

“एवढी खबरदारी कळते तर मीटर लावायला काय हात मोडतात?” मी म्हणायचे.

“मीटर शिकाऊ लोकांसाठी,” हे म्हणायचे. आणि इतक्या वर्षांत त्यांना एकदाही झटका बसला नव्हता, त्यामुळे मी त्या भांडणात हरले होते.

तीन वर्षांपूर्वी अचानक यांना माझी सोबत हवीशी वाटायला लागली. “आत एकटी काय बसतेस, इथे येऊन बस की,” म्हणाले. एक वेताची खुर्ची आणली आणि आपल्या टेबलासमोर ठेवली. मी ती दोनदा खिडकीकडे फिरवली. दोन्ही वेळा त्यांनी परत आपल्याकडे तोंड करून ठेवली. मी तिथे बसून मटार सोलायचे, उसवलेलं शिवायचे, पेपर वाचायचे, आणि हे मधूनमधून मान वर करून माझ्याकडे बघायचे. लग्न झालं तेव्हासुद्धा इतकं बघितलं नव्हतं. मी लेकीला फोनवर सांगितलंही, “तुझ्या बाबांना म्हातारपणी पालवी फुटलीय.” ती हसली. मला मनातून फार बरं वाटत होतं, तेवढं मात्र तिला सांगितलं नाही.

दातांचे डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा मी घरी नव्हते. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिच्याकडे पंधरा दिवस राहिले होते. परत आले तर यांनी सांगितलं, एक डॉक्टर प्रीॲम्प देऊन गेले होते, डाव्या बाजूला चुरचुर होती, व्हॉल्व्ह बदलला, काम झालं. प्रीॲम्प म्हणजे बिस्किटांच्या डब्याएवढी पेटी. रेकॉर्डवरून येणारा अगदी क्षीण आवाज ती वाढवून मोठ्या ॲम्प्लिफायरकडे पाठवते. तिथे जरासं खुट्ट झालं तरी पुढे त्याचं मोठं होतं.

आठवड्यानं डॉक्टर तोच डबा काखेत मारून हजर.

“डावीकडे अजून आहे,” ते म्हणाले. “दहा मिनिटं छान चालतो. मग सुरू होतं, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं.”

“तुमच्या घरच्या वायरिंगचं असेल,” हे म्हणाले.

“असेल. पण हा डबा काढून ठेवला की थांबतं.”

डॉक्टर भांडखोर नव्हते. दुखत नाही म्हणणारी माणसं रोज समोर बसत असल्यामुळे असेल, त्यांचा आवाज चढला नाही. डबा ठेवून गेले. त्या पंधरा दिवसांत दुरुस्त केलेल्या आणखी दोन वस्तू त्याच आठवड्यात परत आल्या. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. हे म्हणाले, हल्ली व्हॉल्व्हच बोगस येतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांनी डबा लावला. मी काळ्या कापडाला काळ्या दोऱ्यानं टीप घालत होते, म्हणून खुर्ची उचलून खिडकीशी नेली होती, यांच्याकडे पाठ करून.

“इकडे बस ना,” हे म्हणाले.

“तिथे दोरा दिसत नाही हो.”

डबा तापला आणि चुरचुर सुरू झाली. यांनी डावीकडे नवा व्हॉल्व्ह लावला, परत तापायला वेळ दिला. चुरचुर परत सुरू झाली, पहिल्यापेक्षा थोडी जास्तच. आता हे चिडतील आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील म्हणून मी वाट बघत होते.

“काय, झालं ना?” मागून विचारलं.

मला वाटलं थट्टा करताहेत. खिडकीचं तावदान अर्धं उघडं होतं, त्यात मला हे दिसत होते. चष्मा कपाळावर सरकवून, मान स्पीकरकडे कलती करून, गाण्याला बसावं तसे बसले होते. आणि स्पीकर तडतडत होता.  सुई बोटात गेली तरी मला काही वेळ कळलं नाही.

“झालं,” मी म्हटलं.

डबा तसाच डॉक्टरांकडे परत गेला, आणि त्या एका शब्दानं पुढचं सगळं झालं. तेव्हा वाटलं होतं, आत्ता वेळ मारून नेऊ, नंतर बघू.

पुढचे आठ दिवस मी चोरासारखी यांची परीक्षा घेत होते. बोललेलं सगळं कळायचं. दार वाजलेलं कळायचं. गाणं कळायचं, स्पीकरची जाड घरघरही कळायची. पण मनगटावरचं घड्याळ कानाजवळ नेलं तर पत्ता नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची बारीक शीळ नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मी कागदाचा बोळा चुरगळला, एकदा, दोनदा, तीनदा. हे पेपर वाचत राहिले. पूर्वी मी चॉकलेटचा कागद उघडला तर आतून “मला ठेव अर्धं” असं यायचं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, “आई, सरळ सांग त्यांना. कानाचं मशीन मिळतं हल्ली, दिसतसुद्धा नाही.”

“दिसण्याचा प्रश्न नाही गं.”

“मग?”

मग काय, ते मला तिला सांगता येईना. ज्या माणसाची पाटी म्हणजे कान, त्याला कुणी सांगायचं की पाटी पुसली गेलीय? रेडिओ केंद्रातून निवृत्त झाले तेव्हा पहिले चार महिने हे नुसते खोल्या मोजत फिरत होते. दाढी करायचे नाहीत. मग पहिला डबा दुरुस्तीला आला आणि माणूस परत जागेवर आला. हे टेबल गेलं तर पुढे काय, हे मला नीट दिसत होतं. मी म्हटलं, मला कळलंय हे यांना कळू द्यायचं नाही.

आणि मला वाटायला लागलं की यांना संशय आलाय. कारण आता माझं लक्ष असल्यामुळे मला दिसायला लागलं की हे कामात किती वेळा माझ्याकडे बघतात. पेन्सिलीची टिचकी मारली की बघतात. बटण फिरवलं की बघतात. ती पालवीची गोष्ट मी मुकाट्यानं गुंडाळून ठेवली आणि मनाशी ठरवलं, हे बघतात ते मला ऐकू आलं का ते ताडायला. म्हणून मी चेहरा कोरा ठेवायला शिकले. भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर ठेवते तसा. कितीही तडतडलं तरी पापणी हलू द्यायची नाही, खांदे सैल ठेवायचे. दोनचार दिवसांत मला ते छान जमायला लागलं.

डॉक्टर तिसऱ्यांदा आले तेव्हा हे आंघोळीला गेले होते. डॉक्टरांनी डबा माझ्या हातात दिला आणि दारातच हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्यांना हा आवाज ऐकूच येत नाही.”

“माहीत आहे मला.”

“त्यांना माहीत आहे?”

“नाही.”

डॉक्टरांनी न्हाणीघराच्या दाराकडे एक नजर टाकली. “मी आमच्या मंडळींत अजून काही बोललेलो नाही. पण आणखी दोघांच्या वस्तू परत आल्यात. ते काही गप्प बसायचे नाहीत. एकदा गवगवा झाला की इथे कुणी येणार नाही.”

“मला आठ दिवस द्या,” मी म्हटलं.

तुम्ही काय करणार, असं त्यांनी विचारलं नाही. 

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले तेव्हा सापडलं. मी दार लोटून घेतलं आणि यांच्या खुर्चीत बसले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. डबा जोडला, स्पीकर अगदी बारीक ठेवला, कान लावला. दहा मिनिटांनी डावीकडे चुरचुर. सगळं बंद केलं, फडक्यात धरून दोन्ही गरम व्हॉल्व्ह उपटले, डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. परत चालू.  दहा मिनिटांनी चुरचुर सुरू झाली, आणि ती डावीकडेच होती. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हताच. हे दोन्ही वेळा चांगलेच व्हॉल्व्ह बदलत बसले होते. मला इतका आनंद झाला की यांना उठवून सांगावंसं वाटलं, आणि मग आठवलं की सांगायचं नाहीये.

चहाच्या वेळी मी सहज म्हणावं तसं म्हटलं, “ते डॉक्टर काल सांगत होते, त्यांनी घरी व्हॉल्व्हची अदलाबदल करून बघितली. आवाज डावीकडेच राहिला म्हणे.”

यांनी कप खाली ठेवला. “दातांच्या डॉक्टरला एवढं कळतं?”

“त्यांना नाही कळणार तर कुणाला? दुखतो एक आणि किडलेला असतो दुसराच.”

हे हसले, पण काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी चेहरा कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा टेबलावर उलटा झाला, खालचं झाकण निघालं. आत रंगीत पट्ट्यांचे बारीक रेझिस्टर, वायरी, आणि वीज साठवणारे दोन जाड नळकांड्यासारखे कपॅसिटर. मी समोर वेताच्या खुर्चीत, मांडीवर मटारचं ताट. यांनी डबा चालू केला, तापू दिला, आणि लाकडी काडीनं डावीकडचा एकेक भाग दाबून बघायला लागले. एका रेझिस्टरवर काडी टेकली की स्पीकर असा तडतडायचा की हातातली शेंग सुटावी. हे काडी तिथेच धरून माझ्याकडे बघायचे. मी मटाराकडे बघायचे. काडी दुसरीकडे जायची, फिरून तिथेच यायची. तड, तड, तड. मी एक दाणासुद्धा सांडला नाही. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होते.

शेवटी हे स्वतःशीच म्हणाले, “आवाज जागेवर राहतो म्हणजे डाव्या व्हॉल्व्हला वीज देणारा हाच असणार. बदलून टाकू.” आणि बरोबर त्याच रेझिस्टरवर बोट ठेवलं. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला. ऐकू येत नसताना नुसत्या डोक्यानं शोधला होता.

डबा बंद केला. स्पीकर चालूच. चुरचुर उतरायला लागली. यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मी खांदे सैल सोडले आणि पुढची शेंग घेतली.

यांनी बोट वर केलं. “मेला.”

मेला नव्हता. बारीक झाला होता, पण होता, उदबत्तीच्या धुराइतका.

“एक,” हे म्हणाले. डावा हात खिशात गेला. “दोन.”

मी म्हटलं, मोजेपर्यंत मरेल. हे दहा मोजतात ते यासाठीच. “चार. पाच.” अजून होता. मध्येच एक तडका उडाला. मला वाटलं, काहीतरी निमित्त काढावं, फोन वाजतोय म्हणावं, दुधाचं म्हणावं. मग वाटलं, आजच नेमकं मध्ये बोलले तर यांना कळेल की मी ऐकतेय. “सात. आठ.” आता अगदीच बारीक. मरतोच आहे. “नऊ.” मी तोंड उघडलं. “अहो—”

“दहा,” म्हणून यांनी हात घातला.

आवाज असा काही झाला नाही. खुर्ची मागे गेली, भिंतीवर आदळली, आणि हे जमिनीवर होते. डबा वायरीसकट टेबलाच्या कडेला लोंबत होता. मटार सगळीकडे. मी त्यांच्यावर वाकले तेव्हा डोळे उघडे होते आणि श्वास चालू होता. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरे डाग पडले होते. डावा हात अजून खिशातच होता.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.  आधी हेच बोलले, जड जिभेनं.

“आवाज होता?”

“होता.”

“तुला येत होता ऐकू?”

“हो.”

“मग तोंड का नाही केलंस तसं?”

मला कळेना. “कसं?”

“करतेस तसं.” यांनी डोळे मिटले. “चुरचुर असली की कपाळाला आठी घालतेस. व्हॉल्व्ह टिणकन वाजला की डोळे बारीक करतेस. थांबला की खांदे सोडतेस. आज खांदे सोडलेस तू. मी बघितलं ना.”

मी ज्या डॉक्टरचा नंबर समोर दिसला त्याला फोन लावला, आणि तो डब्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा दातांच्या डॉक्टरांचा होता. ते पाच मिनिटांत गाडी घेऊन आले आणि आम्हाला दवाखान्यात घेऊन गेले. छातीला वायरी लावून ईसीजी काढला. हृदय ठीक होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरा हात कुठे टेकलेला नव्हता म्हणून वाचलात. हे एवढ्यातही म्हणाले, “टेकलेला नव्हता नाही, खिशात होता.” दातांचे डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसून होते. आपला डबा कसा आहे, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी सांडलेले मटार वेचायला खाली बसले. हे कॉटवर, बोटांना मलमपट्टी.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तीन वर्षं झाली. एकदा व्हॉल्व्हला टिचकी मारली तर तू आतून येताना दचकलीस. मला काहीच आलं नव्हतं. मी परत मारली. तू परत दचकलीस. मी दहा वेळा मारली.”

“म्हणून खुर्ची आणलीत.”

“हो.”

“मला वाटलं सोबत हवी म्हणून.”

 मला त्या क्षणी इतका राग आला की झटका बसलेला माणूस समोर आहे हे मी विसरले. तीन वर्षं मी यांचा मीटर होते. टेबलावर ठेवायचा तसा समोर ठेवला होता, काटा दिसेल असा. आणि मी येड्यासारखी लेकीला पालवीच्या गोष्टी सांगत होते.

“मला विचारायला काय झालं होतं? ‘आवाज येतोय का गं’ एवढंच. मी सांगितलं नसतं?”

“विचारलं असतं तर तुला कळलं असतं.”

“आणि मला कळलं असतं तर?”

“तू दुसऱ्यांना इतकं सांगायचीस माझ्या कानांचं,” हे म्हणाले. “मग काय सांगितलं असतंस?”

माझा राग तिथेच बसला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. यांनी मला फसवलं ते खरं, पण यांचा हात मी घालू दिला होता. आठ म्हणेपर्यंत मला ऐकू येत होतं. नऊ म्हणेपर्यंत येत होतं. यांची लाज राखायला मी यांचा जीव पणाला लावला होता, आणि वर पाठ थोपटून घेत होते.

“डॉक्टरांनी घरी व्हॉल्व्ह बदलून बघितले नव्हते,” मी म्हटलं. “मी बघितले. तुम्ही झोपला होतात तेव्हा.”

 “फडक्यात धरून काढलेस ना?” यांनी एवढंच विचारलं.

“हो.”

“बरं केलंस.”

लेकीला सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावर ओरडली, मग त्यांच्यावर, मग कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. यांनी जाईन म्हटलं. मशीन लावून व्हॉल्व्हची चुरचुर ऐकायची म्हणजे एका खोक्यातलं भांडण दुसऱ्या खोक्यातून ऐकण्यासारखं, असंही म्हणाले. पण जाईन म्हणाले.

पाच दिवसांनी यांनी डबा परत टेबलावर घेतला. रेझिस्टर बदलायचा राहिलाच होता. बोटांची पट्टी निघाली होती, कातडी लाल होती. मला बोलावलं नाही. मीच जाऊन वेताच्या खुर्चीत बसले, त्यांच्याकडे तोंड करून, हातात काही न घेता.

डबा तापला. काडी रेझिस्टरवर टेकली, तड झालं आणि माझ्या कपाळाला आठी पडली. मी पडू दिली. “हाच,” मी मोठ्यानं म्हटलं. यांनी मान हलवली. डबा बंद केला. स्पीकर चालू. मी ऐकत बसले, जन्मात कधी ऐकलं नसेल इतकं. बारीक झालं. आणखी बारीक झालं. धुरासारखं उरलं. तेही गेलं. तरी मी थांबले. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती, तिच्याखाली काहीही नव्हतं.

“मेला,” मी म्हटलं. “आता खरंच मेला. तुमची शपथ.”

हे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, खांदे बघितले. माझ्या तोंडावर त्या वेळी एकही खोटी रेघ नव्हती, आणि ते त्यांना कसं पटवायचं ते मला माहीत नव्हतं. त्यांनी डावा हात खिशात घातला. उजवा हात डब्यापर्यंत नेला. मग मागे घेतला, ड्रॉवर ओढला आणि मीटर बाहेर काढला.

चौतीस वर्षं मी ज्यासाठी भांडले होते ते शेवटी झालं. दोन्ही टोकं त्यांनी जपून कपॅसिटरला लावली. मला रडू आलं ते तेव्हा. मी तोंडाला पदर लावला नाही, आवाजही दाबला नाही. यांनी वर बघितलं नाही. त्यांचं लक्ष काट्याकडे होतं, आणि काटा शून्यावर होता.